मुळशीचे पाणी : शास्त्राचा हिशेब आणि राजसत्तेचा निर्णय

हवामानबदलाच्या प्रश्नात शास्त्राने काय सांगावे व राजसत्तेने काय ठरवावे, हा वाद अलीकडचा मानला जातो. तथापि त्याचे बीज पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वीच दिसून येते.

नीला व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे, पूर्ववाहिनी पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्यास सुमारे ५०० मीटर खाली सोडावयाचे आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या, अशी टाटांची योजना होती. कोळसा वाचेल व शहरातील धूर कमी होईल, हा तिचा दावा चुकीचा नव्हता. परंतु बुडणारी भातखाचरे कोणाची, हा प्रश्न त्या गणितात बसत नव्हता. तो १८९४ च्या भूसंपादन कायद्याने निकालात काढला. खाजगी कंपनीचे काम सार्वजनिक हिताचे ठरले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते होत. जमिनीचे मालक असलेले सावकार मोबदल्याकडे वळले, कुळे मात्र एकाकी पडली. १९२४ अखेर लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

हाच पेच पुढे उलट बाजूने उभा राहिला. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा अहवाल दिला व अंतिम सीमा ग्रामसभांच्या विचाराने ठरवाव्यात असे सुचविले. सरकारने तो लगेच प्रकट केला नाही. २०१२ च्या मे महिन्यात तो लोकांसमोर आला. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे संरक्षित क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. मुळशीतील गावेही त्यात होती. त्यावर २०१४ ते २०२४ या काळात केंद्राने सहा वेळा मसुदे काढले.

पहिल्या प्रसंगी शास्त्राच्या नावाने गावे उठविली गेली. दुसऱ्या प्रसंगी शास्त्राने गावाला विचारा म्हटले, तर राजसत्तेने कालहरण केले. यावरून शास्त्राला दोष देणे उचित नाही. किती कोळसा वाचतो, किती वन उरते, हे शास्त्र सांगू शकते; त्याची किंमत कोणी द्यावी, हे मात्र ते सांगू शकत नाही. तापमानवाढीवर उपाय म्हणून आज पुन्हा जलविद्युतेचा पुरस्कार होत असताना, ही किंमत ठरविण्याच्या बैठकीत खोऱ्यातील कुळाला स्थान असावे, हाच मुळशीच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.