आकाशातून इतिहासाचा शोध : वाळवंटातील अवशेष आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा

शिलालेख, नाणी, फर्माने, बखरी आणि तवारिखा ही इतिहासाची साधने होत, अशी आपली साधारण समजूत असते. गेल्या अर्धशतकात या साधनांत उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांची भर पडली आहे. अरबस्तान व उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत या छायाचित्रांनी विस्मृतीत गेलेल्या वस्त्यांचा माग काढून दिला. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा थोडक्यात परिचय करून देऊन, बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याच्या अभ्यासाला तिचा कितपत उपयोग होऊ शकेल, याचा विचार केला आहे.

वाळवंट या शोधाला अनुकूल ठरते, याचे कारण उघड आहे. तेथे दाट झाडी नाही, दरवर्षीची नांगरट नाही. त्यामुळे मोडकी तटबंदी, उंटांच्या काफिल्यांनी तुडवलेली वाट किंवा विहिरीच्या तोंडाशी पडलेला मातीचा ढीग शतकानुशतके टिकून राहतो. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला या खुणा विस्कळीत भासतात. वरून पाहताच त्यांतील रेषा जुळू लागते. अमेरिकेच्या 'कोरोना' या हेरगिरीच्या उपग्रहमालिकेने १९६० ते १९७२ या काळात आठ लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली. १९९५ साली ती खुली झाली आणि लष्करासाठी टिपलेली चित्रे पुरातत्त्वज्ञांच्या हाती आली.

या पद्धतीचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण ओमानमधील शिसर येथील होय. १९८४ च्या अंतराळयानातील रडारची व इतर उपग्रहांची चित्रे तपासताना जुन्या काफिल्यांच्या वाटा एका ठिकाणी एकवटताना दिसल्या. पुढे उत्खननात तेथे बुरूज असलेली गढी मिळाली. तिचा काही भाग जमीन खचून खाली कोसळलेला होता. १९९२ साली 'उबार' सापडल्याची बातमी जगभर पसरली. अनेकांनी तिचा संबंध पवित्र कुरआनच्या सूरह अल्‌-फज्रमध्ये उल्लेखिलेल्या आद लोकांच्या 'इरम'शी जोडला. मात्र उत्खननाचे प्रमुख युरिस झारिन्स यांनीच पुढे असे मत मांडले की, उबार हे एखाद्या शहराचे नव्हे, तर प्रदेशाचे नाव असावे. यातून आपण घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. श्रद्धेला उपग्रहाच्या दाखल्याची गरज नसते, आणि संशोधनाने पुराव्यापुढे पाऊल टाकू नये. छायाचित्र जागा दाखवते. त्या जागेचे नाव सांगत नाही.

दुसरे उदाहरण लिबियाच्या फेझान भागातील गारामांतेस लोकांचे. २०११ साली लेस्टर विद्यापीठाच्या डेव्हिड मॅटिंग्ली यांच्या पथकाने उपग्रहचित्रांच्या आधारे त्यांच्या शंभराहून अधिक तटबंदीयुक्त वस्त्यांची नोंद जाहीर केली. भर वाळवंटातील ही शेती 'फोग्गारा' नावाच्या भुयारी कालव्यांवर पोसली जात असे. हाच प्रकार इराणात कनात, अफगाणिस्तानात कारेज आणि ओमानात फलज या नावांनी ओळखला जातो. डोंगरपायथ्याशी भूजलापर्यंत विहीर खणावयाची, तेथून मंद उताराचे भुयार गावाकडे न्यावयाचे आणि हवेसाठी व गाळ काढण्यासाठी वाटेत उभ्या विहिरींची माळ ठेवावयाची, अशी ही रचना आहे. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच उताराने वाहते. वरून पाहिल्यास विहिरींची ही माळ ठिपक्यांच्या रेषेसारखी दिसते.

तशीच माळ आपल्या बऱ्हाणपुरात आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे, तापीकडे झिरपत जाणारे पाणी अडवून शहरात आणण्याची ही योजना खान-ए-खानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ साली उभी राहिली. कुंडी भंडाऱ्यात शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या आहेत. याच सुमारास मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. रणांगणावर एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन दरबारांनी तहानेवर सारखाच उपाय योजला, ही गोष्ट दख्खनच्या इतिहासात दुर्लक्षिली गेली आहे.

या योजनेचे श्रेय तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी तज्ज्ञाला दिले जाते. भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते. 'तबकात-उल-अर्ज' याचा अर्थ भूस्तर, आणि उर्दूत भूगर्भशास्त्राला 'इल्म-ए-तबकात-उल-अर्ज' म्हणतात. तेव्हा हे व्यक्तिनाम नसून विद्येवरून पडलेली उपाधी असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा प्रश्न कोणताही उपग्रह सोडवू शकणार नाही. त्यासाठी फारसी कागदपत्रेच उघडावी लागतील.

बऱ्हाणपूर वाळवंट नाही. येथे काळी जमीन आहे, केळीच्या बागा आहेत. लँडसॅटच्या चित्रात एक ठिपका तीस मीटर जमीन व्यापतो. त्यात कुंडीचे तोंड हरवून जाते. २००५ साली सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ ची क्षमता अडीच मीटरची होती. त्याहून सूक्ष्म चित्रे आज उपलब्ध आहेत, तरी पानांखाली दडलेली कुंडी त्यांतूनही सुटू शकते. म्हणून जुन्या व नव्या चित्रांची तुलना करून, उन्हाळ्यात प्रत्यक्ष फिरून, प्रत्येक कुंडीची नोंद व्हावयास हवी.

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत 'खूनी भंडारा' या नावाने या वास्तूचा समावेश झाला, ही आनंदाची बाब आहे. परंतु भुयाराचा जीव त्याच्या पाण्यात आहे. सभोवती कूपनलिकांनी भूजल खाली गेले, तर यादीत नाव राहील आणि भुयार कोरडे पडेल. शिवाय रेषेतील एक कुंडी बुजली, तरी गाळ काढण्याची वाट बंद होते. गारामांतेसच्या फोग्गारांचे आज अवशेष तेवढे उरले आहेत. कुंडी भंडारा अद्याप अवशेष झालेला नाही. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल, उर्दू आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मिळून त्याचा नकाशा तयार करावा, शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली कुंड्यांची व शिवारांची नावे टिपून घ्यावीत. छायाचित्र, कागद आणि माणसांची आठवण, या तिन्हींचा मेळ बसेल तेव्हाच हा इतिहास पूर्ण होईल.