गड समुद्रात जाईल, नाव तरी राहू द्या

वेल्श भाषेत शहराला 'दिनास' म्हणतात. पण वेल्सचा नकाशा उघडून बघा. 'दिनास' नावाच्या कितीतरी जागी शहर सोडा, साधं घरही नाही. नुसती टेकडी, तिच्याभोवती मातीदगडाचे जुने तट आणि चरणाऱ्या मेंढ्या. मला हे आधी कोडंच वाटलं होतं.

उत्तर शब्दातच आहे. 'दिन' म्हणजे गड. त्यावरून 'दिनास' झाला. लोहयुगात, म्हणजे रोमन यायच्या आधी, लोक अशा तटबंदीच्या टेकड्यांवर राहायचे. पुढे वस्ती खाली उतरली, शब्दाचा अर्थ शहर झाला. टेकडीवर मात्र जुनाच अर्थ राहिला.

कार्नार्वनच्या दक्षिणेला, अगदी समुद्राला खेटून 'दिनास दिन्ल्ले' आहे. 'दिन्ल्ले' म्हणजे ल्लै या वीराचा गड. मध्ययुगीन मॅबिनोगी कथांमध्ये हा ल्लै भेटतो. 'दिन'चा अर्थ लोक विसरले म्हणून पुढे 'दिनास' लागलं, म्हणजे गड दोनदा! हसू नका, आपणही 'सिंहगड किल्ला' म्हणतोच की. फ्रान्समधल्या ल्याँ शहराचं जुनं नाव लुग्दुनुम. तेही याच घराण्यातलं, लुगुस देवाचा गड.

2019 मध्ये इथे उत्खनन झालं. वाळूखाली दगडी भिंतींचं मोठं गोल घर निघालं. पण टेकडी आहे हिमनदीने आणून टाकलेल्या मातीगोट्यांची. पश्चिमेचा तट समुद्राने आधीच गिळलाय, उरलेलाही ढासळतोय.

समुद्रापुढे कोणाचं काही चालत नाही, मान्य. पण वेल्सने एक काम केलं. 2016 च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळनावांची यादी ठेवणं सरकारवर बंधनकारक केलं. त्यात शेतं, वाड्या, घरं सगळ्यांची नावं येतात. जुनी वेल्श नावं पुसून घरांना इंग्रजी नावं देण्यावरून तिथे वाद होतात. या कायद्याने नाव बदलायला बंदी नाही, ही त्याची उणीवच. तरीपण नोंद राहते. आणि नोंद असेल तरच उद्या कोणी विचारेल, इथे घर नाही मग 'शहर' का म्हणतात?

आपल्या गावातल्या माळांची, टेकडांची, शेतांची जुनी नावं कोणी लिहून ठेवतंय का? म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. ती गेली की नावंही गेली.