पहिली घटनादुरुस्ती आणि हंगामी संसद

भारतीय राज्यघटना अमलात येऊन सव्वा वर्ष उलटते न उलटते तोच, १२ मे १९५१ रोजी, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात फेरफार करणारे विधेयक संसदेपुढे आले. या त्वरेचे मूळ बव्हंशी न्यायालयीन निर्णयांत सापडते. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या डाव्या साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी केली होती. दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'वर प्रकाशनपूर्व तपासणीचे बंधन होते. दोन्ही पत्रांची मते परस्परांच्या अगदी विरुद्ध. दाद मात्र दोघांनी एकाच हक्काच्या आधारे मागितली. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द ठरविले. राज्याची सुरक्षितता ही एक गोष्ट आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही दुसरी, मूळच्या कलम १९ (२) मध्ये दुसरीला स्थान नाही, असा न्या. पतंजली शास्त्री यांच्या निर्णयाचा आशय होता. न्या. फाजल अली यांनी भिन्न मत नोंदविले.

दुरुस्तीने ती उणीव भरून काढली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने. जमीनदारी निर्मूलन व मागासवर्गीयांसाठी खास तरतुदी हे तिचे इतर विषय होत. निर्बंध 'वाजवी' असावेत ही अट मात्र मूळ कलम १९ (२) मध्ये नव्हतीच. ती याच दुरुस्तीने आली, हे टीकाकार बहुधा विसरतात.

श्यामाप्रसाद मुखर्जी, हृदयनाथ कुंझरू प्रभृतींनी विधेयकास विरोध केला. खरा प्रश्न अधिकाराचा होता. या सभागृहातील प्रांतिक सभासद १९४६ साली मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या विधिमंडळांनी अप्रत्यक्षपणे पाठविलेले. संस्थानांचे काही तर नियुक्तच. दुरुस्ती १८ जून १९५१ रोजी अमलात आली आणि प्रौढ मताधिकाराचे पहिले मतदान २५ ऑक्टोबरला सुरू झाले. चार महिने थांबणे अशक्य नव्हते. परंतु हा आक्षेप उलटतोही: हक्क देणारी घटनासमिती आणि त्यांना मुरड घालणारी हंगामी संसद वस्तुतः एकच. हक्क संकुचित करण्यास ती अपात्र मानली, तर ते बहाल करण्याची तिची पात्रता कोठून आली?

शंकरीप्रसाद खटल्यात ५ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यायालयाने हंगामी संसदेचा अधिकार मान्य केला. तो निर्णयही न्या. शास्त्री यांचाच. गोलकनाथ खटल्यात (१९६७) सहा विरुद्ध पाच मतांनी ही भूमिका बदलली. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत हक्कही दुरुस्तीस पात्र, मात्र घटनेची मूळ चौकट अभेद्य, असे ठरले.

मतदारांचा कौल मात्र यातून उमगत नाही. १९५१-५२ च्या निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. दुरुस्तीचे कडवे विरोधक मुखर्जी हेही कलकत्त्यातून निवडून आले.