अंगणातील वृंदावन

घराच्या पुढील अंगणात वा मागल्या चौकात जो चौकोनी ओटा उभा असतो आणि ज्याच्या माथ्यावरील मूठभर मातीत तुळस वाढते, त्या वृंदावनाकडे आपण धर्माचरणाचे एक अंग म्हणूनच पाहत आलो. परंतु अल्प खर्चात आणि अल्प मशागतीत टिकणाऱ्या उद्यानरचनेचा तो अत्यंत परिपक्व नमुना आहे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कोकणात मृगापासून हस्तापर्यंत जो पाऊस कोसळतो, त्यात सपाट भूमीवरील नाजूक रोपाच्या मुळाशी पाणी साचून ते कुजते, आणि त्यातून वाचलेच तर गुराढोरांच्या पायांखाली किंवा कोंबड्यांच्या नखांखाली जाते. म्हणून मातीच कमरेइतकी उंच उचलण्याची तजवीज झाली. साहित्य दाराशीच होते. जांभा दगड खाणीतून निघताना इतका मऊ असतो की त्याचे चिरे हत्याराने सहज तासता येतात, आणि वारा लागला की तो उत्तरोत्तर कठीण होत जातो. ज्याची ऐपत चिऱ्यांचीही नसे, तो मातीचाच ओटा रचून शेणाने सारवी व गेरूने रंगवी. सरदार-इनामदारांच्या वाड्यांत तोच ओटा घडीव दगडाचा होऊन त्यावर वेलबुट्टी उमटे. मला त्या वेलबुट्टीहून सारवलेल्या ओट्याचे मोल अधिक वाटते, कारण मूळ कल्पना त्यात निर्भेळ दिसते.

हा ओटा घरधन्याची श्रद्धा उघडपणे सांगत असे. म्हणूनच 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, जो जाहीरनामा काढला, त्यात धर्मांतरितांच्या अनेक चालीरीतींबरोबर घरी वा आवारात तुळस लावण्यासही मनाई होती. एका झुडपाची दखल सत्तेला हुकूमनाम्यात घ्यावी लागली, यातच त्याचे सामर्थ्य आले. श्रद्धेची हीच खूण स्मारकासाठीही वापरली गेली: सज्जनगडावर तर वेणाबाई आणि अक्काबाई या समर्थ रामदासांच्या शिष्यांची स्मारके वृंदावनांच्याच रूपाने उभी आहेत.

देखभाल म्हणावी तर रोजचे तांब्याभर पाणी. मंजिऱ्या वाळल्या की बी तेथेच झडते आणि पावसाळ्यात आपोआप रोपे उगवतात. जुने झाड काष्ठवत झाले म्हणजे कार्तिकातील तुलसीविवाहापूर्वी त्यांपैकीच एक सशक्त रोप निवडून त्याच्या जागी लावले जाते, आणि तुळशीचे जून लाकूड वारकऱ्यांच्या माळांचे मणी कातण्यास उपयोगी पडते.