क्लेर ब्रेतेशेच्या सोफ्यावरच्या बाया

मी व्यंगचित्रं काढते, त्यामुळे कुणाचंही काम पाहताना नजर आधी रेषेवर जाते. फ्रेंच चित्रकथाकार क्लेर ब्रेतेशेची रेषा घाईघाईत ओढल्यासारखी वाटते. मोठाली नाकं, पडलेले खांदे, सोफ्यात रुतलेलं अंग. मागे ना भिंत, ना खिडकी. चौकटीमागून चौकट तीच बाई, तशीच बसलेली. हलते ती एखादी पापणी, नाहीतर हात. तेवढ्यात तिचा अख्खा संसार कळतो.

ब्रेतेशे १९४० साली नाँतमध्ये जन्मली. फ्रान्समधल्या विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करायचा, बँकेत खातं उघडायचा हक्क मिळाला तो १९६५ मध्ये. त्याआधीच, १९६३ साली, ‘अ‍ॅस्टेरिक्स’चा लेखक रने गोसिनी याच्या एका कथेला ब्रेतेशेनं चित्रं दिली होती. १९६९ मध्ये ‘पिलोत’ या साप्ताहिकात तिची सेल्युलित अवतरली: मध्ययुगातली, रूपानं बेताची राजकन्या. राजपुत्राची वाट बघून कंटाळते आणि स्वतःच पुरुष शोधायला निघते. चित्रकथेतली बाई म्हणजे बहुधा नायकाची मैत्रीण, अशा त्या काळात!

तिचं खरं मोठं काम १९७३ पासूनचं. ‘नूव्हेल ऑब्झर्व्हातर’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकात ‘ले फ्रुस्त्रे’ हे तिचं पान येऊ लागलं. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनातून निघालेली, शिकलेली, पुरोगामी पॅरिसकर मंडळी त्यात तासन् तास मुक्तीवर बोलतात आणि घरात मात्र जुनंच चालू ठेवतात. हेच लोक त्या साप्ताहिकाचे वाचकही होते. ब्रेतेशेनं पुरुषांना सोडलं नाही, तसं बायकांनाही नाही. स्वातंत्र्याची भाषा पाठ झालेली, पण अपराधीपणाची सवय न सुटलेली बाई तिनं इतकी नेमकी पकडली, की मला ती शेजारच्या घरातली वाटते. पुढे आईपणावर ‘ले मेर’ काढताना, पोटुशी बाई आनंदानं उजळलेलीच असते या समजुतीलाही तिनं हात घातला. स्पेनमधल्या आविलाची संत तेरेसा रंगवली तेव्हा कॅथलिक वाचक खवळले.

आणि पैशांचं म्हणाल तर १९७५ पासून तिनं आपली पुस्तकं स्वतःच छापली. हक्क स्वतःकडे, हिशेबही स्वतःकडे. मला हे तिच्या चित्रांइतकंच मोलाचं वाटतं.

ती २०२० मध्ये गेली. अंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवानं आपल्या दहाव्या वर्षानिमित्त तिला खास पुरस्कार दिला होता. नेहमीचा सर्वोच्च पुरस्कार मात्र पहिल्यांदा एका बाईला, फ्लोरांस सेस्ताकला, थेट २००० साली मिळाला. २०१६ मध्ये त्याच पुरस्कारासाठी तीस नावं जाहीर झाली. त्यांत एकही बाई नव्हती.