नीतिपाठाचे पुस्तक आणि न्यायमूर्ती तेलंग

गेल्या चातुर्मासात आमच्या परिचयाच्या एका देवस्थानच्या व्यवस्थापक समितीपुढे पालकांचा एक अर्ज आला. देवस्थानच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळेत स्तोत्रे, संतचरित्रे व सदाचाराचे पाठ असलेले एक छोटेखानी पुस्तक लावावे आणि त्यासाठी शिक्षण खात्याची मंजुरी मागावी, एवढीच त्यात विनंती होती. अर्जावर सह्या पुष्कळ होत्या. हे काम पाच मिनिटांत आटोपेल असे वाटले होते, पण चर्चा दोन बैठकी चालली. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "आज आपण मंजुरी मागू आणि ती मिळेलही. पण ज्या पुस्तकावर सरकारचा शिक्का, त्याच्या पुढच्या आवृत्तीत काय असावे हे ठरविण्याचा हक्कही सरकारचाच, हे आताच समजून असा." हे शब्द ऐकताना आम्हांस काशिनाथ त्र्यंबक तेलंगांची आठवण झाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांच्यापुढे अखिल हिंदुस्थानच्या प्रमाणावर उभा राहिला होता, आणि भगवद्गीतेचा इंग्रजी भाषांतरकार असलेल्या ह्या पुरुषाने त्याचे जे उत्तर दिले ते आजच्या पुष्कळ भाविकांस चमत्कारिक वाटेल.

शाळेत कोणते पुस्तक लावावे ह्यासाठी कोणाची परवानगी काढण्याची चाल आपल्याकडे मुळात नव्हतीच. पंतोजीची शाळा देवळाच्या ओवरीत नाही तर एखाद्या सावकाराच्या पडवीत भरे. गोमंतकात शेणैमामा अग्रशाळेत किंवा यजमानाच्या सोप्यावर मुले जमवीत. धूळपाटीवर अक्षरे, मग मोडीचे वळण, पावकी-निमकीपासून पाढे, आणि संध्याकाळी परवचा, हा त्यांचा अभ्यासक्रम होता. छापील पुस्तक नव्हते, म्हणून मंजूर पुस्तकही नव्हते. धर्माचा म्हणून वेगळा तास नसे. पण शाळा सुटल्यावर मूल त्याच देवळातील कीर्तनास जाऊन बसे. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिच्या पायरीवर कोणाची मुले चढू शकत आणि कोणाची नाही, हे सर्वांस ठाऊक आहे.

छापील पुस्तक आले ते मुंबईच्या हैंदशाळा-पुस्तक मंडळीबरोबर, १८२० नंतरच्या दशकात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' व इसापनीतीचे भाषांतर ही त्या काळाची फळे. पुढे बाळशास्त्री जांभेकर ह्याच कार्यात होते. १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले, आणि मेजर टॉमस कँडी यांच्या क्रमिक पुस्तकांचा जमाना सुरू झाला. लष्करातून आलेला हा इंग्रज गृहस्थ मोल्सवर्थच्या कोशात सहकारी होता; १८५० मध्ये त्याने विरामचिन्हांवर मराठीत पुस्तक लिहिले, आणि खात्यासाठी तयार होणाऱ्या पुस्तकांची मराठी तपासून शुद्ध करण्याचे काम पुष्कळ वर्षे त्याच्याकडे होते. म्हणजे एका परकीय लष्करी अधिकाऱ्याच्या टाकाखालून गेल्यावाचून मराठी मुलाच्या हाती मराठी धडा पडत नसे. तरी त्याची मेहनत प्रामाणिक होती, हे कबूल केलेच पाहिजे.

वुडच्या खलित्यात एक तत्त्व स्पष्ट घातले होते. सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे. खाजगी शाळांस लौकिक विषयांच्या शिक्षणाकडे पाहून अनुदान द्यावे, आणि तेथे कोणता धर्म शिकवितात ह्याची चौकशी सरकारी तपासनिसाने करू नये. ह्याचा लाभ प्रथम मिशनऱ्यांनी उचलला, कारण शाळा त्यांच्यापाशी तयार होत्या. आपल्या देवस्थानांनी त्या काळी शाळा काढल्या असत्या तर तोच नियम त्यांनाही लागू पडला असता. दिवाबत्ती, नैवेद्य व उत्सव ह्यांपलीकडे देवस्थानच्या उत्पन्नाचा शाळेसाठी विचार आपल्याकडे फार उशिरा झाला, ही गोष्ट अप्रिय असली तरी खरी आहे.

सरकारास भक्तिवाङ्मयाचे वावडे होते असेही नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी निवडलेल्या जुन्या मराठी कवितांचा 'नवनीत' हा संग्रह १८५४ मध्ये निघाला तो शिक्षणाच्याच कामासाठी, आणि त्यात संतकवींची रचना भरपूर होती. तुकोबांच्या अभंगांची गाथा छापण्यासाठी मुंबई सरकारने २४,००० रुपये मंजूर केले; ती विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्या संपादनाखाली इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. काव्य म्हणून तुकोबा चालत होते, उपदेश म्हणून नव्हे. ही रेषा कागदावर सोपी दिसते. वर्गात अभंग म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडात ती कोठे राहते हे आम्हांस कधीच उमगले नाही.

मंजुरी ज्यांना मिळाली नाही त्यांचाही इतिहास आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले, आणि कमिटीतील ब्राह्मण सभासदांमुळे ते नाकारले गेले असे त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त लिहून ठेवले. आपल्या वाचकांपैकी काहींस हे नाटक रुचणार नाही. पण पुस्तके पसंत करणाऱ्या मंडळीत कोण बसले आहे ह्यावर पुष्कळ अवलंबून असते, ही जोतीरावांची तक्रार आजही कोणत्याही पाठ्यपुस्तक समितीच्या दारावर लावण्यासारखी आहे.

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन दिले, आणि प्रचलित क्रमिक पुस्तके व्यवहारोपयोगी नाहीत, ती मुळापासून सुधारावीत, अशी त्यांत मागणी केली. आयोगाच्या सभासदांत मुंबईतून नेमलेले एक तेलंग होते. १८५० मध्ये गौड सारस्वत कुटुंबात जन्मलेले, म्हणजे त्या वेळी अवघ्या बत्तिशीच्या घरातले. ह्याच १८८२ साली मॅक्स म्युल्लरच्या 'पौर्वात्य पवित्र ग्रंथमाले'त त्यांचे गीतेचे इंग्रजी गद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. पद्य भाषांतर त्यांनी आधीच, १८७५ मध्ये, केले होते. संस्कृत विद्या आणि कायदा दोन्हींत सारखाच अधिकार असलेला असा गृहस्थ धर्मशिक्षणाची बाजू उचलून धरील, अशीच कोणाचीही अपेक्षा असती.

आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांपैकी पुष्कळांचे गाऱ्हाणे असे होते की सरकारी शाळा-कॉलेजांतून बाहेर पडणारा तरुण धर्महीन व उद्धट होतो. हिंदू म्हणत होते, मुसलमान म्हणत होते, मिशनरी तर म्हणतच होते. त्यावर तोडगा म्हणून आयोगाने बहुमताने शिफारस केली की सर्व धर्मांस सामान्य अशा 'नैसर्गिक धर्मा'च्या मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिपाठाचे पुस्तक तयार करावे आणि ते सरकारी व बिनसरकारी कॉलेजांतून शिकवावे. शिवाय मनुष्याची व नागरिकाची कर्तव्ये ह्या विषयावर प्राचार्यांनी किंवा प्राध्यापकांनी दरवर्षी व्याख्याने द्यावीत.

तेलंगांनी ह्या शिफारशीविरुद्ध आपली भिन्नमतपत्रिका जोडली. तिचा युक्तिवाद वकिलास शोभेसा काटेकोर आहे. धर्माचे शिक्षण न्यायाने द्यावयाचे तर मार्ग दोनच. एक, सर्व धर्मांतील समान तत्त्वे काढून ती शिकवायची. दुसरा, ज्या त्या मुलास त्याच्या आईबापांचा धर्म शिकवायचा. पहिल्या मार्गाने जे उरते ते कोणाचाच धर्म नसते. दुसरा मार्ग धरला तर पंथोपपंथांच्या ह्या देशात सरकारला किती शिक्षक नेमावे लागतील, आणि कोणाचे शिक्षण शुद्ध हे कोण ठरवणार? नीतीच्या व्याख्यानांविषयीही त्यांस भरवसा नव्हता: अगदी साधी तत्त्वे कॉलेजातील तरुणास सांगणे व्यर्थ, आणि गहन तत्त्वचर्चेने वर्तन सुधारत नाही. शील घडते ते चांगले वाङ्मय वाचून, शिक्षकाच्या सहवासाने आणि संस्थेच्या शिस्तीने, असा त्यांचा रोख होता. धर्माचे शिक्षण घराचे व त्या त्या समाजाचे काम. सरकारने त्यापासून दूर राहावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेलंग धर्माविषयी उदासीन म्हणून असे बोलत नव्हते. धर्मास ते इतका गंभीर मानीत होते की सरकारी कारकुनाच्या हाताने त्याचा संक्षेप व्हावा हे त्यांस मानवले नाही. लेसिंगच्या 'नेथन दि वाइज' ह्या नाटकाचे मराठी रूपांतर त्यांनी केले, हा योगायोग नव्हे. तीन धर्मांच्या तीन सारख्या अंगठ्यांची गोष्ट त्या नाटकाच्या मध्यभागी आहे. त्यांच्या बाजूस एक उणीव मात्र आम्हांस दिसते. घर आणि समाज आपले काम करतील हे त्यांनी गृहीत धरले. समाज ते करीत नसेल तर काय, ह्याला त्यांच्याजवळ उत्तर नाही.

१८८४ मध्ये हिंदुस्थान सरकारने आयोगाच्या अहवालावर ठराव केला त्यात नीतिपाठाच्या पुस्तकाची सूचना मान्य झाली नाही. असे पुस्तक आणल्यास नाना तंटे पेटतील अशी सरकारास धास्ती होती. एका तरुण हिंदी सभासदाचे मत सरकारच्या सोयीशी जुळले, एवढेच म्हणता येईल. त्याच आयोगाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सुचविली होती: अनुदानित शाळांच्या चालकांनी कोणती पुस्तके निवडावी ह्यात खात्याने विनाकारण हात घालू नये. हिचे पुढे फारसे काही उरले नाही. धर्माचे पुस्तक सरकारने नाकारले खरे, पण आयोगातच बसलेल्या ली-वॉर्नर साहेबांचे 'सिटिझन ऑफ इंडिया' हे ब्रिटिश राज्याचे उपकार वर्णन करणारे पुस्तक १८९७ मध्ये निघाले आणि शाळांत शिरले. नीतीचा पाठ वर्ज्य, राजनिष्ठेचा पाठ विहित!

ज्यांनी मंजुरी मागितलीच नाही त्यांचा मार्ग वेगळा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये समर्थ विद्यालय काढले. ते पुढे तळेगावास स्थिरावले. आपली भाषा, आपला धर्म, हातांस उद्योग असा त्यांचा क्रम होता, आणि सरकारी अनुदानाची अपेक्षा नव्हती. 'विश्ववृत्त' मासिकातील वैदिक प्रार्थनांवरील लेखाबद्दल विजापूरकरांस तुरुंगवास घडला, आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद केले. तो लेख पंडित सातवळेकरांचा. ज्या सरकारास नीतिपाठाच्या पुस्तकाने तंटे होतील असे वाटत होते, त्याला वैदिक ऋचेच्या मराठी अर्थाचीही भीती वाटू लागली होती.

पुढचा इतिहास झरझर सांगता येतो. खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला खात्याकडे जात आणि मंजूर यादीत नाव लागले की विकल्या जात. आचार्य अत्रे यांची नवयुग वाचनमाला ह्याच वाटेने घरोघर पोचली. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यास पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली आणि प्राथमिक वर्गांपुरती ती यादी एका घरात आली. १९६१ नंतर गोमंतकात गावोगाव मराठी शाळा निघाल्या; तेथील मुले १९७५ मध्ये गोव्याचे स्वतंत्र मंडळ होईपर्यंत महाराष्ट्राचीच शालान्त परीक्षा देत. बेळगावकडची मराठी मुले कर्नाटक सरकारने मराठीत छापलेली पुस्तके वाचतात. भाषा एक, पण मंजुरीचे शिक्के निरनिराळे.

तेलंगांचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणास मनाई केली. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत ते देता येते, पण विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती हवी. १९५९ मध्ये मुंबई राज्याचे तेव्हाचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने शाळेचा आरंभ काही क्षणांच्या मौनाने करावा, लहान मुलांस थोर धर्मपुरुषांच्या कथा सांगाव्या, असे सुचविले. २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील मूल्यशिक्षणावर आक्षेप घेणारा अरुणा रॉय यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २००२ रोजी फेटाळला. धर्मांविषयी माहिती देणे हे घटनेने वर्ज्य केलेले 'धार्मिक शिक्षण' नव्हे, असा त्याचा आशय. तेलंगांनी वर्णिलेल्या दोन मार्गांतील पहिला मार्ग ह्या निर्णयाने मोकळा झाला. त्याने कोणाचा धर्म शिकला जाईल हा त्यांचा प्रश्न मात्र न्यायालयापुढे नव्हता.

असो. त्या देवस्थानच्या समितीने शेवटी अर्ज पाठविला नाही, फेटाळलाही नाही. सभासदांच्या असे ध्यानात आले की पुस्तक शाळेच्या तासाबाहेर, देवळाच्या आवारात, येईल त्या मुलास शिकविण्यास कोणाचीच मंजुरी लागत नाही. अडचण दुसरीच निघाली. शिकवणार कोण, हे विचारल्यावर सह्या करणाऱ्यांपैकी दोघांनीच हात वर केला. त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका. त्या दर रविवारी सकाळी सभामंडपात बसतात. पहिल्या रविवारी सात मुले आली होती.