अक्षयनीवी आणि भीमाखोऱ्यातील उद्योग

जुन्नरच्या लेण्यांच्या प्रदेशातून वाहणारी कुकडी शिरूरच्या परिसरात घोड नदीला मिळते आणि घोड पुढे दौंडच्या परिसरात भीमेला. याच खोऱ्यात आज रांजणगाव व कुरकुंभ या औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. उद्योगाने समाजाशी कसे नाते ठेवावे, याचे उत्तर आम्हांस या खोऱ्याच्या बौद्ध इतिहासात दिसते.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर येथे धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले. नाशिकच्या शिलालेखानुसार उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० दरमहा शेकडा १ दराने, तर १००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. व्याजातूनच भिक्षूंच्या चीवरांचा व इतर खर्च भागावयाचा होता. लेखात या ठेवीस 'अक्षयनीवी' म्हटले आहे. राजाच्या जावयाने कष्टकऱ्यांच्या संघटित व्यवसायावर टाकलेला हा विश्वास होता.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. हे स्वागतार्हच, परंतु नदीचे पाणी, जमीन आणि कामगाराचे आरोग्य हीच उद्योगाची खरी अक्षयनीवी होय. हे मुद्दल नासवून व्याजातून शाळेला बाके देणे म्हणजे दान नव्हे. तथागतांनी उपासकांस विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला. ज्या विहिरीचे पाणी वस्तीला पिता येते, तिच्या शेजारचा कारखानाच सम्यक आजीविकेचा, असे आम्ही मानतो.